खाडीपलीकडचे शेजारी

(घाटमाथ्यालगतच्या एका तालुक्यातील सार्वजनिक वाचनालयाच्या व्याख्यानमालेत माहिती अधिकाऱ्यांनी दिलेल्या व्याख्यानाचा हा मजकूर. व्याख्यानाचा विषय ‘पाच दिवसांची किनारयात्रा’ असा होता.)



आपण घाटावरची माणसे. समुद्र आपल्याला सुटीत आठवतो आणि सुटी संपली की विसरतो. म्हणून आरंभीच एका गोष्टीचे स्मरण देतो. आपल्या कोयनेचे पाणी कराडला कृष्णेला मिळून पूर्वेकडे जाते, हे आपण शाळेत शिकलो. परंतु त्यातला एक मोठा वाटा सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यांतून पश्चिमेकडे वळविलेला आहे. पोफळीच्या बाजूला तो वीज निर्माण करतो आणि मग वाशिष्ठी नदीत उतरून चिपळूणवरून दाभोळच्या खाडीला मिळतो. कोयना प्रकल्पाची १,९६० मेगावॅट वीज आपण जाणतो. ती वीज देऊन झाल्यावर पाण्याचे काय होते, याची चौकशी आपण क्वचितच करतो. आज ज्या वाटेने मी आपल्याला नेणार आहे, त्या वाटेने आपली नदी आपल्या आधी गेलेली आहे.

ही यात्रा चार रात्री आणि पाच दिवसांची आहे. कुंभार्ली घाटाने उतरून चिपळूण, तेथून गुहागर, मग खाड्या ओलांडीत उत्तरेकडे दापोली, वेळास, हरिहरेश्वर, म्हसळा आणि मुरूड-जंजिरा, आणि शेवटी ताम्हिणी घाटाने परत वर, असा तिचा मार्ग. आपल्या किनाऱ्याची लांबी ७२० किलोमीटर अशी आपण पाठ केली होती. यात्रेत त्याचा एक लहानसा तुकडाच दिसेल. परंतु या तुकड्यात नदीतली मगर, समुद्रातला डॉल्फिन, वाळूतले कासव, झाडावरचे गिधाड आणि अरण्यातला शेकरू असे पाच वेगवेगळे शेजारी भेटू शकतात. ‘भेटू शकतात’ असे मी मुद्दाम म्हणतो. ‘भेटतील’ असे म्हणत नाही. त्यामागे एक कथा आहे. ती योग्य ठिकाणी सांगेन.

वाशिष्ठीच्या काठावर

कराडहून चिपळूण सुमारे १०० किलोमीटर. पहाटे निघालेला प्रवासी न्याहारीच्या वेळेस तेथे पोहोचतो. चिपळूणच्या खालच्या अंगाला वाशिष्ठीचे पात्र रुंद होते, भरती-ओहोटीचे पाणी आत येऊ लागते आणि दोन्ही काठांवर चिखलाचे उतार दिसतात. हिवाळ्यात ऊन वर आले की या उतारांवर मगरी येऊन पडतात. मगरीला स्वतःच्या शरीराची ऊब राखता येत नाही. थंड पाण्यातून बाहेर येऊन उन्हात पडणे हा तिचा आळस नसून ती तिची गरज आहे. होडीतून पाहताना तिला हुसकावून पाण्यात पाडले, तर छायाचित्र चांगले मिळते आणि मगरीची सकाळ वाया जाते. होडी मध्यावर ठेवावी, यंत्र मंद करावे आणि बोलणे थांबवावे. जबडा उघडा ठेवून निश्चल पडलेले ते जनावर दहा मिनिटे पाहिले की नदीकडे पाहण्याची आपली दृष्टी बदलते.

याच खाडीत तिवरांची आणि चिप्पीची वने आहेत. त्यांना आपण कांदळवन म्हणतो. एके काळी ‘खाजण’ म्हणजे पडीक जागा, असा सरसकट समज होता. भराव घालावा, सरपण तोडावे, कचरा टाकावा, एवढाच तिचा उपयोग. वास्तविक कोळंबी, खेकडे आणि कित्येक माशांची पिल्ले या मुळांच्या जाळ्यात वाढतात. लाटांचा आणि वादळाचा मार ही झाडे स्वतः सोसतात. राज्य शासनाने २०१२ मध्ये कांदळवनांसाठी वन विभागात स्वतंत्र कक्ष स्थापन केला आणि २०२० मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवृक्षाचा मान दिला. सिंधुदुर्गात वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत महिला बचत गटाच्या भगिनी स्वतः वल्ही मारीत प्रवाशांना कांदळवन दाखवितात. ज्या खाडीत पूर्वी केवळ जाळे टाकले जात असे, त्याच खाडीतून घरात चार पैसे अधिक येऊ लागले, आणि झाड तोडण्यापेक्षा ते उभे राखण्यात हित आहे हे सांगण्यासाठी व्याख्यात्याची आवश्यकता उरली नाही.

गाडीसह नावेत

गुहागरला व्याडेश्वराचे दर्शन आणि सुरूच्या बनालगतच्या विस्तीर्ण पुळणीवर मुक्काम. दुसऱ्या दिवशी धोपावे येथे यावे. समोर दाभोळ दिसते; हाक मारली तर ऐकू जाईल असे वाटते. परंतु मध्ये वाशिष्ठीची खाडी आहे. पूर्वी माणसे होडीने पलीकडे जात आणि वाहनाला मात्र चिपळूणवरून मोठा वळसा घ्यावा लागे. २००३ पासून येथे वाहने वाहून नेणारी फेरीबोट सुरू झाली. लोक तिला ‘जंगलजेटी’ म्हणतात. तिची पुढची फळी धक्क्यावर टेकते, मोटारी, दुचाक्या, दुधाची गाडी, शाळेची मुले आणि माशांच्या टोपल्या घेतलेल्या बाया असा सारा संसार आत येतो आणि थोड्याच वेळात पलीकडच्या तालुक्यात उतरतो. हरिहरेश्वरच्या अलीकडे वेसवी ते बागमांडला आणि पुढे दिघी ते आगरदांडा अशा आणखी दोन फेऱ्या या यात्रेत येतात.

या नावांवर गाडीत बसून राहू नये. कठड्याशी उभे राहावे. डोक्यावर ब्राह्मणी घारी घिरट्या घालतात. हिवाळ्यात कुरव आणि सुरय नावेच्या मागे उडत येतात. ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलावर चिखल्या आणि तुतारी पक्षी लगबगीने चोची मारीत असतात. यांपैकी कित्येक उत्तरेकडील थंड प्रदेशांतून आलेले पाहुणे असतात. दैव अनुकूल असेल तर पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड दिसतो. कोकणात त्याला ‘काकण’ म्हणतात. किनाऱ्यावरील उंच झाडावर तो काटक्यांचे भले मोठे घरटे करतो. म्हणून असे एक जुने झाड पडले म्हणजे केवळ लाकूड गेले असे होत नाही; एका कुटुंबाचे घर जाते.

रेवस-रेड्डी सागरी महामार्गाच्या योजनेत या खाड्यांवर पूल योजिलेले आहेत. ते हवेतच, बाळंतिणीला रात्री रुग्णालयात नेताना नावेची वाट पाहावी लागू नये. परंतु पुलावरून जाणाऱ्याला खाडी पाच मिनिटांत ओलांडता येते आणि म्हणूनच ती दिसत नाही. तोपर्यंत नावेचा हा प्रवास करून घ्यावा.

हर्णैचे पाणी

दाभोळ हे मध्ययुगातील मोठे बंदर. धक्क्याजवळची सतराव्या शतकातील मशीद त्या वैभवाची साक्ष देते. तेथून दापोलीवरून हर्णैला यावे. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग उभा आहे. आंग्र्यांच्या आरमाराचे हे महत्त्वाचे ठाणे १७५५ मध्ये इंग्रज व पेशवे यांच्या संयुक्त मोहिमेत पडले. किनाऱ्यावर माशांचा लिलाव चालतो. तो आधी पाहावा आणि मग डॉल्फिन पाहण्यास जावे, अशी माझी सूचना आहे. कारण डॉल्फिन ज्यावर जगतो त्यावरच हा गावही जगतो, हे लिलावात डोळ्यांना दिसते.

या किनाऱ्याजवळ दिसणारे डॉल्फिन बहुधा पाठीवर उंचवटा असलेल्या जातीचे असतात. डॉल्फिन मासा नव्हे, तो सस्तन प्राणी आहे. श्वास घेण्यासाठी त्याला वर यावेच लागते. आपण जे पाहतो आणि टाळ्या वाजवितो, तो त्याचा श्वास असतो. आता समजा, चार होड्यांनी त्याला चारी बाजूंनी घेरले, तर तो श्वास कोठे घेणार?

हा प्रश्न मला एका नावाड्याने शिकविला. काही वर्षांपूर्वी मी पाहुण्यांच्या एका तुकडीबरोबर होतो. दूरवर एक पाठ चमकली. पाहुणे अधीर झाले आणि मी, शासनाचा अधिकारी, नावाड्याला म्हणालो, “मामा, जरा जवळ घ्या की!” त्याने यंत्र बंद केले आणि म्हणाला, “साहेब, पिल्लू हाय त्याच्यासंगं. आपण पाठी लागलो तर ती खोल जाते आणि पिल्लाला दम पुरत नाय. गप बसा. यायचं असंल तर तीच येईल.” आम्ही गप्प बसलो. ती आली नाही. दोनदा लांबवर दिसली आणि गेली. पाहुण्यांपैकी एकाने पैसे परत मागितले. नावाड्याने काही न बोलता ते दिलेही. त्या दिवसाची त्याची कमाई गेली आणि माझी मान खाली गेली. मी घेतलेली पदवी वाङ्मयाची. समुद्राचे पहिले शिक्षण मला त्या होडीत मिळाले.

तेव्हापासून मी सर्वत्र सांगतो की होडी डॉल्फिनच्या वाटेत आडवी घालू नये, समांतर व सावकाश चालवावी, एका कळपाभोवती होड्यांची गर्दी करू नये आणि थोडा वेळ पाहून मागे फिरावे. अंगावर जीवरक्षक जाकीट असल्याखेरीज होडीत पाऊल टाकू नये. पावसाळ्यात तर या प्रवासाचा विचारही करू नये. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असते, ती माशांच्या विणीसाठी तशीच माणसांच्या सुरक्षिततेसाठीही. आणि जो नावाडी जवळ जाण्यास नकार देतो, त्याला दोन रुपये अधिक द्यावेत.

‘हमखास’ या शब्दाची गोष्ट

आंजर्ले आणि केळशी मागे टाकून तिसऱ्या दिवशी वेळासला मुक्काम करावा. नाना फडणविसांचे हे गाव आता कासवांचे गाव म्हणून ओळखले जाते. ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या साधारणतः नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत रात्री वाळूवर येतात, मागच्या पायांनी खड्डा खणतात, शंभराच्या आसपास अंडी घालतात, वाळूने झाकतात आणि परत जातात. पिल्लांचे तोंडही त्या पाहत नाहीत. दीड-दोन महिने वाळूच्या उबेवर अंडी पोसली जातात. नर की मादी हेदेखील ती ऊबच ठरविते.

पूर्वी ही अंडी कोल्ही-कुत्री उकरीत आणि माणसेही नेऊन विकीत. २००२ च्या सुमारास चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने येथे काम आरंभिले. गावकऱ्यांनीच पहाटे किनारा फिरायचा, पावलांच्या खुणांवरून घरटे शोधायचे, अंडी अलगद काढून कुंपणातल्या तशाच खोल खड्ड्यात ठेवायची, असा हा परिपाठ. २००६ पासून पिल्ले समुद्रात सोडण्याचा सोहळा पाहण्यासाठी लोक येऊ लागले आणि ते गावकऱ्यांच्या घरीच उतरू लागले. ज्या हातांनी अंडी उकरली तेच हात राखणीला लागले, ही क्रांती कोणत्याही घोषणेशिवाय झाली.

आता माझी कथा. अशाच एका गावच्या कासव महोत्सवाची वार्ता मी लिहिली होती. वार्ता आकर्षक व्हावी म्हणून मी तीत लिहिले : ‘कासवाच्या पिल्लांचे हमखास दर्शन’. वृत्तपत्रांनी तोच शब्द मथळ्यात उचलला. त्या रविवारी दीड-दोनशे माणसे आली, लहान मुलांसह. कुंपणातील टोपली उचलली. खाली नुसती वाळू. संध्याकाळी पुन्हा उचलली, वाळूच. लोक चिडले. एका गृहस्थाने तर, ‘थोडे उकरून पाहा, आत असतील,’ असा आग्रह धरला. राखण करणारा तरुण कुंपणासमोर आडवा उभा राहिला. त्याला नाही नाही ते ऐकावे लागले. गर्दी पांगल्यावर मी क्षमा मागण्यासाठी त्याच्याकडे गेलो. तो शांतपणे म्हणाला, “साहेब, हमखास हा शब्द तुमच्या कागदावर होता. वाळूला कोण सांगणार?”

दुसऱ्या पहाटे पाहुण्यांपैकी जेमतेम दहा-बारा जण उरले होते. टोपली उचलली तेव्हा वाळू किंचित खचलेली दिसली. मग एक काळे, चिमुकले डोके वर आले, पाठोपाठ दुसरे, आणि पाहता पाहता खड्डा उकळू लागल्यासारखा झाला. पिल्लांना पाण्यापासून थोड्या अंतरावर वाळूतच सोडतात, ती वाट त्यांनी स्वतः चालायची असते. पहिल्या लाटेने काहींना उलथे करून मागे आणले. ती पुन्हा निघाली. यांतली मोठी होणारी फार थोडी असतात. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका आजीबाई पुटपुटल्या, “जा बाळांनो, सांभाळून जा.” त्यापेक्षा उचित असे भाषण मी कोणत्याही समारंभात ऐकलेले नाही.

ही पिल्ले कोठे जातात, याचे उत्तर आता थोडेथोडे मिळू लागले आहे. जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश पाठविणारे यंत्र बसविण्यात आले. पश्चिम किनाऱ्यावरील तो पहिलाच प्रयोग, म्हणून तिचे नाव ‘प्रथमा’. आणि जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालण्यास आलेल्या एका मादीच्या परावर धातूची खूणपट्टी आढळली. ती २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर लावलेली होती. बंगालच्या उपसागरातील कासव अरबी समुद्रात! आपण भूगोलात दोन निराळ्या समुद्रांची नावे लिहितो. कासवाने तो प्रश्न वगळला.

झाडावरचे आणि रानातले

चौथ्या दिवशी वेसवीची नाव घेऊन सावित्रीची खाडी ओलांडावी. हरिहरेश्वर, श्रीवर्धन करीत म्हसळ्याकडे जाताना वाटेत नारळी-पोफळीच्या वाड्यांत मोकळ्या जागा दिसतात. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने या भागाला झोडपले. पोफळ लावल्यापासून उत्पन्न येईपर्यंत वर्षे जातात. म्हणून तेथे पाहुणा म्हणून उतरणे हीदेखील त्या घराला एक मदत असते.

म्हसळा तालुक्यात चिरगावच्या उंच झाडांवर पांढऱ्या पाठीची गिधाडे घरटी करतात. १९९० नंतरच्या काळात देशातील या गिधाडांपैकी शेकडा ९५ हून अधिक नाहीशी झाली. कारण सापडले ते गोठ्यात. जनावरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जाई आणि त्याचे मूत्रपिंड निकामी होई. २००६ मध्ये पशुवैद्यकीय वापरासाठी या औषधावर बंदी आली आणि २०१५ मध्ये माणसांसाठीच्या त्याच्या मोठ्या कुप्याही बंद झाल्या, कारण त्या गुरांसाठी वापरल्या जात होत्या. माझ्यासमोर बसलेल्यांत बैल-म्हशी पाळणारे शेतकरी आहेत. त्यांना विनंती अशी की, औषध घेताना मेलॉक्सिकॅम मागावे. घाटावरचा गोठा आणि कोकणातले घरटे यांच्यामध्ये अंतर आहे, पण भिंत नाही. चिरगावास गेलात तर दुरूनच पाहावे. घरट्याखाली गलका करू नये.

दिघीहून आगरदांड्याला उतरले की मुरूड जवळच. राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिऱ्याला जाता येते. वारा भरला की यंत्राचा आवाज नसलेला तो प्रवास, नाव कशी चालते ते मुलांना समजावून सांगण्यास उत्तम. पाचव्या दिवशी सकाळी फणसाड. जंजिऱ्याच्या नबाबांचे हे शिकारीचे रान १९८६ मध्ये अभयारण्य झाले. येथील पाणवठ्यांना ‘गाण’ म्हणतात. आपला राज्यप्राणी शेकरू येथे शेंड्याशेंड्यांवरून उड्या घेत जातो. तो सहसा जमिनीवर उतरत नाही. त्याला झाडांचा अखंड मांडव हवा. एक झाड मधून काढले की त्याच्या दृष्टीने पूल तुटतो.

परतताना

श्रोतेहो, त्या रविवारनंतर मी माझ्या टेबलाच्या काचेखाली एक चिठ्ठी ठेवली आहे. तीवर ‘हमखास’ हा शब्द लिहून त्यावर काट मारलेली आहे. नवीन वार्ताहर मित्र विचारतात, तेव्हा मी त्यांना हीच गोष्ट सांगतो. पर्यटन वाढावे, गावात रोजगार यावा, हे माझ्या खात्याचे काम आहे आणि ते मी आवडीने करतो. परंतु प्रवाशाला दर्शनाचे वचन दिले की ते वचन पुरे करण्याचा भार अखेरीस नावाड्यावर, राखणदारावर आणि त्या मुक्या जिवावर पडतो. वचन द्यायचेच, तर स्वच्छ पाण्याचे, ताज्या भाकरीचे, वेळेवर सुटणाऱ्या नावेचे द्यावे. बाकीचे समुद्रावर सोपवावे.

आपण जाल तेव्हा उजेडाचे झोत वाळूवर टाकू नका, प्लॅस्टिकची पिशवी मागे ठेवू नका, मुक्काम गावकऱ्यांच्या घरी करा. आणि मगर, डॉल्फिन, कासव, गिधाड, शेकरू यांपैकी काहीच दिसले नाही, तरी रागावून परत येऊ नका. ते तेथे आहेत. त्या दिवशी त्यांना आपल्याला भेटायचे नव्हते, इतकेच. शेजाऱ्याचे दार बंद असले की आपण दुसऱ्या दिवशी जातो. तसेच पुन्हा जावे. आपली नदी रोज तिकडे जातेच आहे.